गोंगाटासकट गाणे



नवापूर, साक्री आणि सरहद्दीपलीकडच्या डांगात कोकणा समाजाचा थाळकर कथा सांगायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढे एक काशाची थाळी असते. थाळीच्या मध्यभागी मेणाचा गोळा चिकटवलेला असतो आणि त्यात खुरासणीची एक वाळलेली, सरळ काडी उभी रोवलेली असते. चिमटीत धरून काडीवरून बोटे वरून खाली ओढली की काडीची थरथर मेणातून थाळीत उतरते आणि थाळी घुमू लागते. एक हात खाली येईतो दुसरा वर गेलेला असतो, म्हणून घुमणे तुटत नाही. हा आवाज स्वच्छ स्वर नव्हे. त्यात धातूची किरकिर आहे, बोटांच्या घर्षणाची सरसर आहे, मध्येच काडी अडखळल्याची खरखर आहे. या आवाजावर रात्र-रात्र कथा चालते, रामाचीसुद्धा. गुजरातच्या बाजूला डाह्याभाई वाढू यांनी अशा कोकणा कथांचे मोलाचे संकलन केले, त्यामुळे त्यांचे शब्द छापील रूपात आपल्यापर्यंत आले. थाळीचा आवाज मात्र छापता येत नाही, आणि आजचा माझा विषय तिथूनच सुरू होतो.

तिकडे युरोपात गेल्या चाळीसएक वर्षांत ‘निओफोक’ नावाचा एक संगीतप्रकार रुजला. त्याचा अल्बम ऐकणाऱ्याला आधी गोंधळात टाकतो. एका गाण्यात साधी गिटार आणि जुन्या लोकगीताच्या वळणाची चाल असते, तर पुढच्या दहा मिनिटांत गाणेच नसते. फिरवून फिरवून लावलेल्या फिती, घासलेल्या धातूचे आवाज, कुजबुज, यंत्राची घरघर एवढेच कानी पडते. या प्रकाराचे मूळ कारखानी शहरांतल्या संगीतात आहे. 1976च्या सुमारास लंडनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या गटाने मुद्दाम कर्कश, चालीविना संगीत सुरू केले. त्याच वर्तुळातून आलेल्या डेव्हिड तिबेट यांच्या ‘करंट 93’ची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे म्हणजे निव्वळ गोंगाट होता, पण 1980चे दशक संपेपर्यंत हीच माणसे लोकगीतांकडे वळली. 1992मध्ये त्यांचा ‘थंडर परफेक्ट माइंड’ हा अल्बम आला, आणि त्याच वर्षी तिबेट यांनी इंग्लंडच्या ज्येष्ठ लोकगायिका शर्ली कॉलिन्स यांच्या जुन्या गाण्यांचा एक संग्रहही प्रसिद्ध केला. गोंगाट करणाऱ्यांना लोकगीत का हवेसे वाटले, यावर तिकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मला विचारायचे आहे ते उलट्या बाजूने. लोकगीताला गोंगाट कधी नकोसा झाला होता का? नंदुरबार जिल्ह्यातले पुरावे पाहिले तर उत्तर नकारार्थी येते. गाणे आणि गोंगाट यांची फारकत गाणाऱ्यांनी केली नाही. ती ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांनी आणि आपल्या मध्यमवर्गीय कानांनी केली. म्हणून या जिल्ह्यातल्या गाण्यांचा अल्बम काढायचा असेल तर तो गोंगाटासकट काढला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा म्हणून अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी घ्या. जंगलातून आणलेला उंच बांबू हातांनी खोदलेल्या खड्ड्यात उभा करतात आणि होळी पेटते ती पहाटे. तोवर रात्रभर नाच चालतो. ज्यांनी नवस धरलेला असतो ते ‘बावा’, ‘बुध्या’ अंगभर नक्षी रंगवून, मोरपिसांचा टोप चढवून, कमरेला वाळके दुधी आणि घंटा-घुंगरे बांधून नाचतात. हा सगळा पोशाख ऐकण्याजोगा आहे. नाचणाऱ्याचे पाऊल पडले की घंटा वाजतात आणि दुधी एकमेकांवर आदळतात, म्हणजे नाचणारा स्वतःच वाद्य झालेला असतो. भोवती वेगवेगळ्या पाड्यांवरून आलेले ढोल असतात. प्रत्येक पाड्याचा ताफा आपली लय धरून येतो, आणि दोन ताफे जवळ आले की त्या लयी एकमेकींवर चढतात. स्टुडिओतल्या माणसाला हा बिघाड वाटेल. रिंगणातल्या माणसाला मात्र कोणता गाव आला, किती जवळ आला, कोणत्या दिशेने आला, हे त्यातूनच कळते. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात, धडगावसारख्या ठिकाणी, हेच भरदिवसा घडते. कोकण्यांच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. भोपळा आणि नळ्यांचे ते वाद्य वाजवणारा नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे आवाजाला खंड पडत नाही. त्याच अखंड, घोगऱ्या आवाजावर माणसाच्या अंगात वारे येते. ‘ही चाल आणि ही तिची साथ’ अशी रेघ या तिन्ही प्रसंगांत ओढता येत नाही. ओढली तर एका बाजूला फार थोडे उरते.

मग रेघ आली कुठून? 1902मध्ये फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने ग्रामोफोन कंपनीसाठी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या मुद्रणात विजेचा वापर नव्हता, माइक नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचे, कर्ण्याच्या टोकाची सुई मेणावर रेघ कोरायची. या पद्धतीत अगदी खालचे आणि अगदी वरचे आवाज उमटतच नसत. जोरकस चर्मवाद्य कर्ण्याजवळ आणले तर सुई उडे, म्हणून ते लांब बसवावे लागे. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. विजेवर चालणारे मुद्रण 1925च्या सुमारास आले, पण तोपर्यंत गाणे म्हणजे काय याची एक कल्पना कानात पक्की बसली होती. पुढे एक गळा, मागे मंद साथ, तीन मिनिटांत सुरुवात आणि शेवट. यंत्राची ही मर्यादा होती. तिचे रूपांतर अभिरुचीत झाले आणि पुढे अभिरुचीचे नियमात. आकाशवाणीसाठी लोकगीत बसवताना ‘लोककलावंतांना जरा शिस्तीत वाजवायला सांगा’ ही भावना त्याच नियमातून आली. आज तर हे काम माणसालाही करावे लागत नाही. मोबाइलमधली आणि ऑनलाइन बैठकीच्या ॲपमधली आवाज साफ करणारी प्रणाली कानी पडणाऱ्या ध्वनीतून जो अखंड, एकसारखा असेल त्याला गोंगाट समजते आणि पुसते. 2020च्या टाळेबंदीत संगीताचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले, तेव्हा गुरूंचा तंबोरा शिष्याला ऐकूच येईना. ‘मूळ आवाज’ चालू ठेवण्याची सोय मुद्दाम निवडावी लागे. तंबोऱ्याची ही गत झाली, तर थाळी आणि पावरीची काय होत असेल? आज पाड्यावरचे बहुतेक मुद्रण मोबाइलवरच होते. आवाज साफ करण्याची सोय चालू असेल, तर गाणाऱ्याने ज्यावर गाणे उभे केले तेच यंत्र आधी खोडते.

तंबोऱ्याचा उल्लेख मी सहज केला नाही. ज्या शास्त्रीय संगीताच्या शुद्धतेचा दाखला देऊन आदिवासी वाद्यांना कर्कश म्हटले जाते, त्याच्या मुळाशीही एक जाणूनबुजून आणलेला गोंगाट आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी लावतात. तार घोडीच्या वक्र पृष्ठावर घासत कंप पावते आणि झणझण उमटते. सी. व्ही. रामन यांनी 1921च्या सुमारास या वाद्यांवर लिहिताना दाखवले, की या विशिष्ट घोडीमुळे जे उपस्वर एरवी तारेतून यायला नकोत तेही जोरात येतात. म्हणजे घासण्याने स्वर बिघडत नाही, तो श्रीमंत होतो. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या अनेक मुद्रितही झाल्या, आणि त्या मुद्रणांत जात्याची घरघर ओवीच्या बरोबरीने ऐकू येते. दगडावर दगड फिरण्याची ती घरघर हाच ओवीचा ताल आहे. खुंटा ओढताना ओवीची ओळ लांबते आणि हात वळताना ती तुटते. जाते काढून ओवी ऐकली तर ओळ तिथेच का तुटली हे कळायला जागा उरत नाही. खानदेशच्या या टोकापासून मावळापर्यंत हा एकच नियम दिसतो: श्रमाचा किंवा वाद्याचा घासणारा आवाज गाण्याच्या रचनेत शिरलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की प्रायोगिक गोंगाट ही पाश्चात्त्यांची शहरी हौस आहे आणि ती सातपुड्यावर लादणे हा नवा वसाहतवाद. आक्षेप गंभीर आहे, कारण निओफोकचा स्वतःचा इतिहास निर्मळ नाही. त्यातल्या काही गटांनी फॅसिस्ट चिन्हांशी खेळ केला. जुन्या मातीची, जुन्या रक्ताची ओढ दाखवताना ते कुठे पोहोचले हे जगाने पाहिले आहे. ‘अस्सल आदिवासी’, ‘शहराने न बिघडवलेला’ अशा भाषेत नंदुरबारचा अल्बम विकला गेला तर तो त्याच वाटेवर जाईल, आणि मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण या आक्षेपातून गोंगाटाला विरोध निघत नाही. विरोध निघतो तो शुद्धतेच्या स्वप्नाला, आणि ते स्वप्न साफ केलेल्या मुद्रणातच जास्त भरलेले असते. मोटरसायकलचा आवाज आला की मुद्रण थांबवायचे, मागे कुणाचा मोबाइल वाजला की ‘पुन्हा गा’ म्हणायचे, म्हणजे एक कधीच नसलेला पाडा तयार करायचा. याउलट संगीतकार बेला बार्तोकचे उदाहरण पाहा. 1906पासून त्याने हंगेरीच्या खेड्यांत फोनोग्राफ नेऊन शेतकऱ्यांची गाणी मुद्रित केली आणि ती काटेकोर लिहून काढली. त्याच माणसाने 1926मध्ये पियानोसाठी एक रचना केली, तिच्या एका भागात रात्रीचे बेडूक, किडे यांचे आवाज आणि त्यांतून येणारी खेडवळ बासरीची धून आहे. जो इतकी वर्षे गाणी टिपत होता, त्याला धून भोवतालच्या आवाजातच ठेवावीशी वाटली. आपल्या शेजारी अहमदाबादलाही राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969मध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह एक स्टुडिओ उभारून दिला. तिथे भारतीय संगीतकारांनी केलेले काम अर्धशतकानंतर, 2023मध्ये, अल्बमरूपात बाहेर आले. म्हणजे हे प्रयोग आपल्या परिसराला उपरे आहेत, हा समजही टिकत नाही.

दुसरा आक्षेप जतन करणाऱ्यांचा आहे आणि तो मला अधिक अडचणीचा वाटतो. पावरी, भिली, मावची, वसावी या बोलींतली गाणी झपाट्याने विसरली जात आहेत. अशा वेळी शब्द स्पष्ट ऐकू येणे हेच पहिले कर्तव्य आहे, ढोलाच्या दणदणाटात हरवलेली ओळ पुढच्या पिढीच्या काय कामाची? खरे आहे. बोली शिकायची, कोश करायचा, गाण्याचा अर्थ लावायचा, तर एका माणसाला शांत खोलीत बसवून शब्द घ्यायलाच हवेत. ते काम मी कमी लेखत नाही. पण शब्दांची नोंद आणि गाण्याची नोंद ही दोन कामे आहेत, आणि पहिले झाले की दुसरे झाले असे आपण धरून चालतो. याचा परिणाम काय होतो ते नर्मदाकाठी दिसले. सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्राच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बाधित केली. मणिबेली हे त्यातले पहिले, 1990च्या दशकात पाण्याखाली जाऊ लागलेले. धरणाचे दरवाजे 2017मध्ये बंद झाले आणि 2019च्या सप्टेंबरमध्ये पाणी प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचले. माणसे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरच्या वसाहतींत आली, आणि गाणी त्यांच्याबरोबर आली, कारण गाणे डोक्यातून नेता येते. खडकांतून खळाळणारी नदी, दोन काठांवरून एकमेकांना घातलेली हाक आणि दरीतून परत येणारा तिचा पडसाद मात्र नेता आला नाही. तिथे आता संथ जलाशय आहे. तो आवाज पुन्हा मुद्रित करण्याची संधी कुणालाही, कोणत्याही पैशाने, मिळणार नाही. धरणविरोधी आंदोलनाच्या काळात तिथे कॅमेरे आणि टेपरेकॉर्डर पुष्कळ गेले; घोषणा, भाषणे, गाणी टिपली गेली. ज्या फितींमध्ये बोलणाऱ्याच्या मागे नदी चुकून ऐकू येते, त्या आज सगळ्यात मौल्यवान आहेत असे मी मानतो, आणि कुणीतरी त्या फिती आवाज साफ करून डिजिटल करण्याआधी मूळ रूपात जपल्या पाहिजेत.

तिसरा आक्षेप रस्त्यावरचा आहे: गोंगाटाचे एवढे कौतुक करता, तर लग्नातल्या डीजेलाही पाठिंबा द्या. इथे मला भेद करावा लागतो आणि तो सोपा नाही. नवापूरपासून छोटा उदेपूर, आलिराजपूरपर्यंत टिमली या नाचाचे बँड वाजतात. गाडीवर रचलेले भोंगे, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड, आणि त्या कीबोर्डवर काढलेली पिपाणीची, बासरीची चाल, ताणून चिरकी केलेली. नाचाची पावले जुनी, रिंगण जुने, आवाज विजेचा. निओफोक म्हणून जे तिकडे गाजले त्याच्या जवळ जाणारे या जिल्ह्यातले जिवंत उदाहरण टिमलीच आहे, आणि लोकसंगीताचे अभ्यासक तिच्याकडे अजून पुरेसे वळलेले नाहीत याचे मला वाईट वाटते. संगीतशास्त्रज्ञ अशोक रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडून भारतीय संगीताचा विचार केला होता. टिमली यांतल्या निदान तीन कोटींत एकाच वेळी पाय रोवून उभी आहे, आणि तिच्यासाठी ही मांडणी पुन्हा तपासावी लागेल. तरीही टिमली आणि छातीत धडधड भरवणारी भोंग्यांची भिंत एक नव्हेत. ढोलाचा आवाज वाजवणाऱ्याच्या दमाने मर्यादित असतो. हात थकतो, पाळी बदलते, ताफा पुढे सरकतो. भोंग्याला दम नसतो. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवले, ते योग्यच आहे. आजारी माणसाचा, अभ्यास करणाऱ्या मुलीचा हक्क माझ्या सौंदर्यविचाराहून मोठा आहे. आदिवासी समाजातूनही डीजे नको, ढोल हवा असा आवाज उठतो, तो मी याच अर्थाने घेतो: त्यांना शांतता नको आहे, माणसाच्या हाताने वाजलेला गोंगाट हवा आहे.

उरतो प्रश्न हक्काचा, आणि त्यावर अल्बमचे बरेवाईट ठरेल. शहादा तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे, ज्यांचा ‘गोधड’ हा संग्रह 1987मध्ये आला, त्यांनी आपल्या ‘स्टेज’ या कवितेत व्यासपीठावर कोण चढतो आणि आदिवासींचे दुःख त्यांच्याच समोर कोण सांगतो हा प्रश्न कायमचा विचारून ठेवला आहे. ध्वनिमुद्रणात हे व्यासपीठ म्हणजे मिक्सिंगचे टेबल. कोणता आवाज वर आणायचा आणि कोणता खाली न्यायचा हे तिथे बसलेला माणूस ठरवतो, आणि आजवर तो माणूस बहुतेक वेळा बाहेरचाच राहिला आहे. कायद्यानेही त्याचीच बाजू बळकट आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि त्याचा हक्क 60 वर्षे टिकतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाण्याला मात्र नाव असलेला कर्ता नसल्याने त्यावर कुणाचाच हक्क सिद्ध होत नाही. गाणाऱ्याला कलाकार म्हणून काही हक्क आहेत, पण ते व्यक्तीचे. पाच पाड्यांच्या ढोलांत व्यक्ती कोण? दुसरीकडे 1996च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. या दोन कायद्यांची सांगड करारानेच घालावी लागेल. मुद्रणाआधी ग्रामसभेत त्याचा ठराव व्हावा. डोंगऱ्या देवासारख्या उत्सवात कोणता भाग टिपायचा नाही हे तिनेच सांगावे. मिक्सिंगला पाड्यावरची तरुण मुले बसावीत, त्यांतली टिमलीच्या बँडवर कीबोर्ड वाजवणारी असली तर फारच चांगले, कारण ढोल आणि भोंगा दोन्ही त्यांच्या कानात आहेत. माइक एकाच गायकाच्या तोंडाशी न ठेवता रिंगणात आणि रिंगणाबाहेर ठेवावेत. थाळीवरची कथा तीन मिनिटांत कापू नये. तबकडीची सक्ती संपून कितीतरी वर्षे झाली, आता एका फाइलीत अख्खी रात्र मावते. आणि निर्माता म्हणून हक्काच्या रकान्यात ग्रामसभेचेच नाव येईल असा करार मुद्रण सुरू होण्याआधी लिहून, त्यांच्या बोलीत वाचून दाखवून, मगच सही घ्यावी. यातले काहीही महाग नाही. जिल्हा नियोजनाच्या एखाद्या छोट्या तरतुदीत, किंवा इथल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी आणि समाजशास्त्र विभागांच्या एकत्रित उपक्रमात, येत्या होळीच्या आधी याची सुरुवात होऊ शकते.